बाबांना 'तो' सीन कळलाच नाही

पत्र

ताई,

मी २६ वर्षांची आहे आणि चौदाव्या वर्षापासून एका अंतराळयानाच्या मालिकेची कट्टर फॅन आहे. पाच सीझन, सगळे पाठ. सुरुवातीला मी पण ती टाइमपास म्हणूनच बघायचे. त्या वर्षी माझी शाळा बदलली होती, नव्या वर्गात कोणी फारसं बोलायचं नाही, घरी आलं की काहीतरी लावून बसायचं एवढंच. तर त्या यानावर सात जण असतात. प्रत्येक मोहिमेवरून परत आले की कॅप्टन दाराशी उभी राहून एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजते आणि रेडिओवर सांगते, "सात." पहिल्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये त्यांच्यातला सगळ्यात लहान मुलगा मागे राहतो आणि मरतो. सहाच जण परत येतात. कॅप्टन सहा खांदे मोजते, थांबते आणि तरीही रेडिओवर म्हणते, "सात." मग तो म्हातारा मेकॅनिक, जो अख्खा सीझन कामाशिवाय तोंड उघडत नाही, तिच्या मागून हळूच म्हणतो, "सात." त्या सेकंदाला मी त्या मालिकेची झाले ती कायमचीच.

बाबा यंदा रिटायर झाले. माझ्या आग्रहाने आम्ही रोज रात्री साडेआठला एक एपिसोड बघायला लागलो. त्यांना नावं लक्षात राहत नाहीत, मध्येच प्रश्न विचारतात, आणि कथेपेक्षा त्या मेकॅनिकचीच चौकशी जास्त, "आज आहे का तो?" म्हणून. मी आपली 'तो' सीन यायची वाट बघत होते. आदल्या दिवसापासून सांगत होते की उद्याचा एपिसोड बघाच तुम्ही. तर कॅप्टन "सात" म्हणाली आणि बाबा म्हणाले, "अगं सहाच आहेत ना? सात कुठून आले?" मी तिथेच पॉज केलं, "बाबा, तुम्हाला काहीच कळत नाही" म्हटलं आणि आत निघून गेले.

याला दोन आठवडे झाले. ते रोज विचारतात, "लावायचा का पुढचा?" आणि मी काहीतरी कारण सांगते. बालिश वाटेल, पण मला ते फार लागलंय. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट आणि त्यांना त्यात फक्त हिशोबाची चूक दिसली. आता काय करू? दुसरी एखादी मालिका दाखवू? की तिसरा सीझन जरा पडेल आहे तो गाळून थेट चौथ्यावर नेऊ? की नादच सोडू?

– साडेआठवाली लेक

उत्तर

साडेआठवाल्या लेकी,

यात बालिश काही नाही गं. आपल्याला जीव की प्राण असलेली गोष्ट आपल्या माणसापुढे ठेवतो ना तेव्हा आपण स्वतःलाच पुढे ठेवलेलं असतं, बघा मी अशी आहे म्हणून, आणि त्यावर "बरी आहे" एवढं जरी कोणी म्हटलं तरी ते जिव्हारी लागतं. इथे तर समोर बाबा होते. लागणारच.

पण आता माझं ऐक. तू जे वाक्य सगळ्यात जास्त रागाने लिहिलंयस ते वाचून मला मनापासून आनंद झाला. "अगं सहाच आहेत ना? सात कुठून आले?"

अगं, त्यांनी मोजलं!

ज्याला गोष्टीत रस नाही तो मोजत नाही. जो नुसता लेकीचं मन राखायला बसलाय त्याला दारातून सहा आले काय नि नऊ आले काय, काही फरक पडत नाही, त्याचं लक्ष घड्याळाकडे असतं. बाबांनी कॅप्टनबरोबर मनातल्या मनात ते खांदे मोजले, त्यांचा आकडा सहा आला, तिच्या तोंडून सात आला, आणि ते दचकले. आणि तो सीन लिहिणाऱ्याला नेमकं हेच हवं होतं. पूर्ण सीझनभर दर मोहिमेनंतर ती मोजणी दाखवायचं दुसरं कारणच काय? बघणाऱ्याला मोजायची सवय लागावी म्हणूनच ना. त्याने मोजावं, त्याला सहा यावेत आणि कानावर सात पडावं. "सात कुठून आले?" हा प्रश्न तुझ्याही डोक्यात चौदाव्या वर्षी येऊन गेलेला असणार, अर्धा सेकंद का होईना, फक्त तेव्हा शेजारी कोणी नव्हतं म्हणून तू तो मोठ्याने विचारला नाहीस, आणि विचारायच्या आत तुला उत्तर मिळालं.

उत्तर द्यायला मालिकेने कोणाला पाठवलं होतं? मेकॅनिकला! म्हणजे ज्याची बाबा रोज चौकशी करतात त्यालाच.

आणि तू त्याच्या आधी पॉज केलंस.

म्हणजे बाबांना तो सीन कळला नाही असं झालंच नाहीये, बाबांनी तो सीन अजून पाहिलेला नाही. अर्धा पाहिलाय. प्रश्न पडलाय आणि उत्तर दोन आठवडे स्क्रीनवर अडकून बसलंय. तुला ओरडत नाहीये मी, तू दुखावली होतीस, बटण दाबलं गेलं, कोणाचंही गेलं असतं. पण वाईट बातमी समजून तू जे घेऊन बसलीयस ती वाईट बातमी नाहीच आहे एवढं आधी डोक्यात येऊ दे.

आता जरा सविस्तर लिहिते, कारण तुझा खरा प्रश्न मला असा दिसतोय की जो क्षण मला मिळाला तो मी दुसऱ्याला कसा देऊ. आणि माझं ठाम मत आहे की तो देता येत नाही. ज्या सीनवर आपण फॅन होतो तो सीन आपल्याला फॅन करतच नाही, आधीचे तास करतात, सीन फक्त ते आपल्याला कळवतो. तू चौदा वर्षांची असताना संपूर्ण सीझन टाइमपास म्हणून बघत होतीस असं लिहितेस, पण त्या टाइमपासमध्ये तू रोज ते खांदे मोजत होतीस, तो मेकॅनिक बोलत नाही हे तुझ्या डोक्यात बसत होतं, तो लहान मुलगा तुझ्या ओळखीचा होत होता, आणि हे सगळं तुझ्या नकळत. हाच सीन कोणी तुला पहिल्या दिवशी क्लिप म्हणून दाखवला असता तर? एक बाई सात म्हणते, एक म्हातारा सात म्हणतो. बास. तुलाही काही झालं नसतं.

२०१५ मध्ये नेटफ्लिक्सने हेच शोधायचा प्रयत्न केला होता, की माणूस नेमका कितव्या एपिसोडला अडकतो. सोळा देशांतल्या प्रेक्षकांचा डेटा घेतला आणि माप असं ठेवलं की जो एपिसोड बघितलेल्यांपैकी ७० टक्के लोक पुढे पहिला सीझन पूर्ण करतात तो अडकवणारा एपिसोड. तर त्यांनी तपासलेल्या एकाही मालिकेत तो पहिला एपिसोड निघाला नाही. 'ब्रेकिंग बॅड'ला दुसरा, 'मॅड मेन'ला सहावा, 'हाऊ आय मेट युवर मदर'ला तर थेट आठवा. पहिल्याच एपिसोडला प्रेक्षक पकडायचा म्हणून चॅनेलवाले जिवाचं रान करतात आणि तिथे कोणी पकडलंच जात नव्हतं. अर्थात सीझन पूर्ण करणं वेगळं आणि जन्मभराचं फॅन होणं वेगळं, ते कुठल्याही डेटात सापडत नाही, पण एवढं तरी कळतं की गोष्ट मुरायला वेळ लागतो आणि प्रत्येक गोष्टीचा वेळ वेगळा असतो.

आणि माणसागणिक तर तो वेगळा असतोच. मी एका जुन्या पोलीस मालिकेची फॅन आहे ती एका अगदी किरकोळ सीनवरून. खून झालाय, पोलीस घरात पंचनामा करतायत आणि मेलेल्या माणसाने लावून ठेवलेला गजर वाजायला लागतो. हवालदार बंद करायला धावतो, तर तो एरवी सगळ्यांवर खेकसणारा इन्स्पेक्टर म्हणतो, "राहू दे. वाजू दे पूर्ण." आणि सगळे उभे राहतात, गजर वाजून वाजून आपला आपण थांबेपर्यंत. मला तिथे आतून काहीतरी हललं आणि त्यानंतर त्या इन्स्पेक्टरची एकही केस मी सोडलेली नाही. माझ्या शेजारी बसून माझी बहीण तोच एपिसोड बघत होती. ती पण त्या मालिकेची तितकीच फॅन आहे, पण तिला तो गजराचा सीन आठवतही नाही. ती फॅन झाली ती पुढच्या कुठल्यातरी एपिसोडला, कोर्टातल्या एका उलटतपासणीवर, जी मला ठीकठाक वाटते. आम्ही दोघी एकाच मालिकेत वेगवेगळ्या दारांनी शिरलोय आणि आत गेल्यावर तासन्‌तास गप्पा मारतो, कोण कुठून आलं याने काही बिघडत नाही.

तुझ्या बाबांचं दार बहुतेक तो मेकॅनिक आहे. तू ते तक्रारीच्या सुरात लिहिलंयस, कथेपेक्षा मेकॅनिकचीच चौकशी जास्त म्हणून, पण बाई गं, हीच तर कथा आहे! डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं नातं हळूहळू अगदी खऱ्या ओळखीसारखं होत जातं, ते एकतर्फी असतं एवढाच फरक. "आज आहे का तो?" हा प्रश्न कथानकाबद्दलचा नाहीच, ती माणसाची विचारपूस आहे. नावं लक्षात राहत नाहीत त्याचा एवढा बाऊ करू नकोस, नाव न लक्षात राहताही माणूस लक्षात राहतो.

आणि कोणतं पात्र कोणाला धरेल हे गोष्ट तयार करणाऱ्यांनाही कळत नाही, तर तुला कुठून कळणार. 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. ती उभी करणाऱ्यांतले प्रमुख सिडनी न्यूमन यांना त्यात मोठ्या डोळ्यांचे राक्षस वगैरे अजिबात नको होते, मुलांना इतिहास नि विज्ञान समजावं असा त्यांचा विचार होता. आणि डिसेंबरमध्ये दुसऱ्याच कथेत डालेक आले, धातूच्या खोक्यात बसलेले ते कर्कश आवाजाचे प्राणी, आणि नेमकी त्यांनीच ती मालिका घराघरात पोचवली. किंवा १९८० चा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' हा 'स्टार वॉर्स'चा सिनेमा घे, त्यात बोबा फेट नावाच्या पात्राला जेमतेम चार वाक्यं आहेत आणि त्याचा चेहरा एकदाही दिसत नाही, तरी त्या चार वाक्यांवर लोक आयुष्यभराचे त्याचे चाहते झाले. तू 'सात'ची वाट बघत बसलीस आणि शेजारी बाबा आठवडेच्या आठवडे त्या मेकॅनिककडे बघत होते. तुझ्या नजरेतून ते निसटलं कारण तुझं लक्ष पुढे येणाऱ्या सीनवर होतं, आणि खरं सांगायचं तर स्क्रीनवरही नव्हतं, बाबांच्या चेहऱ्यावर होतं. होतं ना?

हे मी अंदाजाने लिहितेय पण माझी खात्री आहे. आवडता सीन आला की फॅन माणूस स्क्रीन बघतच नाही, समोरच्याचा चेहरा बघतो, आता डोळ्यात पाणी येईल, आता येईल. आणि समोरच्याला ते कळतं. कोणीतरी आपल्याकडे बघतंय, आपल्याकडून काहीतरी अपेक्षा आहे, आपली परीक्षा चाललीये, हे कळलं की माणूस गोष्टीतून बाहेर येतो आणि स्वतःकडे बघायला लागतो. मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक यांनी २००० साली गोष्टीत हरवून जाण्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात त्यांनी मांडलं की लक्ष, मनातली चित्रं आणि भावना हे तिन्ही एकाच वेळी गोष्टीत गुंतले की माणूस आजूबाजूचं विसरून तिकडे पोचतो. यातलं लक्षच जर "आता मी काय रिअॅक्शन द्यायची" इकडे वळलं तर बाकीचं कसं गुंतणार? आणि त्यात तू आदल्या दिवसापासून सांगितलेलं, उद्याचा एपिसोड बघाच. बिचारे सावरून बसले असतील गं. काहीतरी मोठं येणारे, आपल्याला ते कळलं पाहिजे, लेकीचा हिरमोड होता कामा नये. मला तर वाटतं तो प्रश्नसुद्धा त्यातूनच आला, काही निसटायला नको म्हणून विचारून घेतलं त्यांनी.

दुसरी गोष्ट वयाची. तू चौदाची होतीस, नव्या शाळेत एकटी होतीस, तुला कोणी मोजत नव्हतं. आणि त्या बाईने जो नाही त्यालाही मोजलं. तुला ते किती आत लागलं असेल हे मला पत्रातून कळतंय, तू ते दोन वेगवेगळ्या वाक्यांत लिहिलंयस, शाळेचं एकीकडे आणि सीनचं एकीकडे, पण ते एकच आहे. स्मरणशक्तीवर काम करणारे लोक सांगतात की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या डोक्यात सगळ्यात दाट आणि ठळक बसतात, म्हणून त्या वयात भेटलेल्या गोष्टी, गाणी, पात्रं सहसा सुटत नाहीत. बाबा साठीच्या आसपास आहेत. त्यांच्यावर त्याच सीनचा तसाच ठसा उमटावा असं म्हणणं म्हणजे त्यांनी तुझं चौदावं वर्ष जगावं असं म्हणणं. ते त्यांच्या वयाने बघणार. रिटायर झालेल्या माणसाला हत्यारं सांभाळणारा, कमी बोलणारा, यानातल्या सगळ्या पोरांपेक्षा वयाने मोठा असलेला मेकॅनिक का आवडला असेल, याचा जरा विचार कर. काल-परवापर्यंत त्यांच्याही दिवसाला काम होतं.

त्यांना कधी सांगितलंयस का, त्या शाळेच्या वर्षाबद्दल? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. बहुधा तुझी अपेक्षा अशी होती की त्यांनी सीन बघावा आणि त्यातून आपोआप ते वर्ष त्यांना समजावं. तेवढं काम मालिकेला नाही जमणार, ते तुला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल, आणि सीन बघताना नाही तर एरवी कधीतरी. पण सांग नक्की.

आता करायचं काय.

दुसरी मालिका अजिबात नको. जमलेली गोष्ट मोडून नवीन कशाला मांडायची? तुझ्या लक्षात आलं नाहीये पण तुमचं जमलेलं आहे. दोन आठवडे तू लावलेलं नाहीस आणि ते रोज विचारतायत. ज्याला सुटका हवी होती तो माणूस पहिल्या दोन दिवसांत विचारायचा बंद झाला असता, वर मनातून बरं झालं म्हणाला असता. कित्येकदा आपण फॅन झालोय हे आपल्याला गोष्ट थांबल्यावरच कळतं. डिसेंबर १८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला मारून टाकलं, स्वतःच कंटाळून, आणि तोपर्यंत महिन्याला एक गोष्ट वाचून मासिक बाजूला ठेवणारे लोक अक्षरशः चिडून पत्रं लिहायला लागले. शेवटी १९०१ मध्ये होम्सची मरणाआधीची म्हणून एक कादंबरी आली आणि १९०३ मध्ये तो जिवंतच परत आणावा लागला. तुझ्या बाबांचं "लावायचा का पुढचा?" हे त्याच जातीचं पत्र समज, रोज एक येतंय.

त्यामुळे आज किंवा उद्या, साडेआठलाच, तू होऊन म्हण की बाबा लावूया. आधी त्या दिवशीचं बोलून टाक. "मी त्या दिवशी उगाच चिडले, तुमचा प्रश्न बरोबर होता." एवढंच, लांबड नको, आणि "पण तुम्ही पण ना" हे शेपूट तर अजिबात लावू नकोस. मग तोच एपिसोड लाव. जिथे पॉज केला होतास तिथून नको, थोडा मागून लाव, ते लोक परतीला निघतात तिथून, म्हणजे त्यांना परत मोजायला मिळेल. आणि मग गप्प बस. सहा का सात ते समजावू नकोस, "आता बघा हं" म्हणू नकोस, आणि मेहेरबानी करून स्क्रीनकडे बघ. तुझाही आवडता सीन आहे, कितीदा पाहिलेला असला तरी बघ. मेकॅनिक त्याचं वाक्य बोलेल. त्यानंतर बाबा काय करतील ते मला माहीत नाही. रडतीलच असं काही नाही. "असं होय" म्हणतील, काहीच म्हणणार नाहीत, उठून पंखा वाढवतील. आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी पुरुषांना हललं आहे हे दाखवता येत नाही, उठून काहीतरी करणं हीच त्यांची पद्धत असते. त्यावरून काही ठरवू नकोस. "कसा वाटला?" हा प्रश्न त्या रात्री विचारूच नकोस, कारण त्याला एकच बरोबर उत्तर आहे हे दोघांनाही माहितीये. दुसऱ्या दिवशी वाटलं तर मेकॅनिकबद्दल विचार, तो तसा का म्हणाला असेल, तुम्हाला काय वाटतं. आणि ते जे सांगतील ते ऐक, तुझ्याकडे पाच सीझनचं ज्ञान आहे ते बाजूला ठेवून. त्यांचं म्हणणं पुढच्या सीझनमध्ये चुकीचं ठरणार असलं तरी दुरुस्त करू नकोस. त्यांची गोष्ट त्यांना चुकत-माकत बघू दे, तू पण तशीच बघितली होतीस.

मध्येच प्रश्न विचारतात त्याचं काय करायचं? नाव विचारलं तर नाव सांगायचं, एका शब्दात, आणि पुढे. "असं का केलं तिने?" विचारलं तर "बघू ना" म्हणायचं. पॉज शक्यतो नकोच, पाणी प्यायला वगैरे उठले तरच.

आणि रोज एकच एपिसोड हा नेम मोडू नकोस, रंगात आलं तरी. मेलबर्न विद्यापीठातल्या काही संशोधकांनी २०१७ मध्ये एक छोटा अभ्यास केला होता, एकाच मालिकेचा सीझन काहींना एका बैठकीत दाखवला, काहींना रोज एक आणि काहींना आठवड्याला एक. एका बैठकीत बघितलेल्यांना ती मालिका इतरांपेक्षा कमी आवडली आणि काही महिन्यांनी कमी आठवली. मला यात नवल वाटत नाही. गोष्ट मुरते ती दोन एपिसोडच्या मधल्या वेळात, जेव्हा आपण दुसरंच काहीतरी करत असतो आणि डोक्यात ती चालू असते. 'स्टार ट्रेक' तर १९६९ मध्ये तीन सीझनमध्येच बंद पडली होती, बघणारे पुरेसे नाहीत म्हणून. ते तेच ७९ एपिसोड मग ठिकठिकाणच्या टीव्ही स्टेशनांनी संध्याकाळी रोजच्या रोज पुन्हा दाखवायला सुरुवात केली, लोकांना एका ठरावीक वेळी बसायची सवय लागली, आणि जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांनी मेळावा भरवला तेव्हा काही शे लोक येतील असं वाटलेलं, तिथे तीन हजारांहून जास्त आले. बंद पडलेल्या मालिकेसाठी! नवीन एक सीन त्यात पडला नव्हता. रोजची ठरलेली वेळ काय करते बघ. तुमचे साडेआठ तसेच ठेव.

आणि हे सगळं करून बाबा नाहीच झाले फॅन तर? होऊ शकतं. मेकॅनिक आवडेल, मालिका ठीक वाटेल, पाचवा सीझन संपला की विसरून जातील. तेव्हा वाईट वाटेल तुला, वाटू दे. पण मग परत परीक्षा घ्यायची नाही, नवीन मालिका आणून नवीन सीन समोर ठेवायचा नाही. ज्यांच्याबरोबर त्या सीनवर मन भरेस्तोवर बोलता येईल अशी माणसं तुला इतरत्र मिळतील, कदाचित मिळालेलीही असतील. बाबांकडून ते मिळवायचा हट्ट सोडलास तर बाबांकडून जे मिळतंय ते तुला दिसायला लागेल, आणि ते कमी नाहीये.

तिसऱ्या सीझनचं राहिलं. गाळू नकोस. तुला तो पडेल वाटतो कारण तुला पुढचं माहितीये आणि तिथे पोचायची घाई आहे. जिथे काही मोठं घडत नाही अशा एपिसोडमध्येच पात्रं अंगवळणी पडतात, आणि तू लिहितेस तसा तो सीझन संथ असेल तर त्यात मेकॅनिकला जास्त वेळ मिळालेला असण्याची बरीच शक्यता आहे. बाबा स्वतःहून म्हणाले की कंटाळा आला, पुढे जाऊ, तर जा. ठरवू दे त्यांना.